स्वित्झर्लंडची शहरं बघायची तर बिऱ्हाड बर्नला टाका

तुम्ही विचारलंय की, पासष्टी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन आठ दिवस स्वित्झर्लंडला जायचंय, बर्फाचे डोंगर मागे टूरबरोबर पाहून झालेत, आता झुरिक, बर्न, बासेल, ल्युसर्न, जिनिव्हा ही शहरं निवांत बघायची आहेत. तर कुठे किती रात्री राहावं?

पाच रात्री बर्न आणि दोन रात्री लोझान (जिनिव्हाच्या वाटेवरचं शहर). बाकी सगळं तिथून जाऊन-येऊन.

मी तीन वर्षं बासेलला नोकरीला होते, तेव्हा आई-बाबा दोनदा आले. पहिल्या खेपेला मी हौसेने सहा दिवसांत पाच शहरांतली पाच हॉटेलं बुक केली. परत आल्यावर आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, "देश काय माहीत नाही बाई, बॅगेची चाकं मात्र नीट पाहिली." दुसऱ्या खेपेला शहाणी झाले.

मुळात देश केवढा, तर पुणे, अहिल्यानगर आणि सातारा हे तीन जिल्हे एकत्र केले तर त्यात अख्खा मावेल. बर्न साधारण मधोमध. तिथून झुरिक तासाभराच्या आत, बासेल आणि ल्युसर्न तासाभरात, जिनिव्हा पावणेदोन तासांत. विमानाने झुरिकला उतरा आणि जिनिव्हाहून परत निघा, म्हणजे उलटा प्रवास वाचतो.

बर्नचं जुनं गाव आरं नदीच्या वळशात वसलंय, तीन बाजूंनी पाणी. १४०५ च्या आगीत बरंच गाव जळालं, मग हिरवट-करड्या वालुकाश्मात पुन्हा बांधलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमानींखालून चालायचे पडवीसारखे रस्ते आहेत, काही किलोमीटर लांब. भर पावसात छत्री न उघडता गावभर हिंडता येतं. आईला ते फार आवडलं. घड्याळाच्या मनोऱ्याखाली दर तासाला माणसं माना वर करून उभी असतात. कोंबडा आरवतो, अस्वलं गोल फिरतात. खरं सांगू, त्यात फार दम नाही, पण गर्दी बघायला मजा येते. त्यापेक्षा जवळच्या कारंज्यावरचा राक्षस बघा. एक पोर तोंडात, बाकीची झोळीत. आईने लगेच ओळखला : "हा तर बागुलबुवा!"

क्रामगासे ४९ या घरात आइन्स्टाइन १९०३ ते १९०५ भाड्याने राहत होते. पेटंट कचेरीत नोकरी, घरात तान्हं मूल, आणि १९०५ चे ते प्रसिद्ध निबंध याच काळातले. जागा आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाएवढीच वाटते. बाबा तिथे बराच वेळ गप्प उभे होते. संध्याकाळी रोझेनगार्टनच्या टेकडीवर जा, सगळं जुनं गाव खाली दिसतं. उन्हाळा असेल तर नदीत वाहत जाणारी माणसं दिसतील. वरच्या अंगाला उडी मारायची, प्रवाहाबरोबर खाली यायचं, बाहेर पडून पुन्हा चालत वर. पाणी बर्फाचं आणि ओढ जबरदस्त आहे, आपण काठावर बसून बघावं.

बासेलला मी पक्षपाती आहे, तेवढं समजून घ्या. तिथे ऱ्हाइन ओलांडणाऱ्या लाकडी नावा आहेत. इंजिन नाही, वल्हं नाही. नदीवर आडवी तार ताणलीय, नाव दोराने तिला बांधलेली. नावाडी सुकाणू फिरवतो आणि नदीचा प्रवाहच नावेला पलीकडे ढकलतो. बाबा सांगलीचे, हरिपूरच्या संगमावरच्या नावेत लहानपण गेलेलं. त्यांनी त्या दिवशी चार फेऱ्या मारल्या आणि भाषा येत नसताना नावाड्याशी हातवारे करून दोराच्या गाठीवर चर्चा केली.

आणि कलासंग्रहालय चुकवू नका. तिथे पिकासोची दोन चित्रं एका कुटुंबाने ठेवायला दिलेली होती. १९६७ मध्ये त्या कुटुंबाला पैशांची अडचण आली आणि चित्रं विकायला निघाली. सरकारी तिजोरीतून ६० लाख फ्रँक द्यायचं ठरलं, तर काही लोकांनी हरकत घेतली. मग रीतसर मतदान झालं! लोकांनी चित्रांच्या बाजूने कौल दिला. उरलेले पैसे जमवायला गावाने रस्त्यावर जत्रा भरवली, लोकांचे बूटसुद्धा पुसले. हे ऐकून पिकासोने आपली आणखी चार चित्रं शहराला भेट दिली. मला चित्रांतलं फारसं कळत नाही, पण ही गोष्ट माहीत झाल्यावर त्या दालनात दर वेळी वेगळंच वाटायचं.

ल्युसर्नला सकाळी लवकर पोचा, दहानंतर टूरच्या बसा येऊन थडकतात (त्यात आपलीच मंडळी बरीच). लाकडी पुलावर मान वर करून छताखालची तिकोनी चित्रं बघा. १९९३ च्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. मग तळ्यात बोटीतून एक चक्कर मारा.

झुरिकला अर्धा दिवस पुरे. बानहोफस्ट्रासवरची दुकानं आपल्या खिशासाठी नाहीत. फ्राउम्युन्स्टर चर्चमधल्या चित्रकार शगालच्या रंगीत काचा बघा, लिंडेनहोफच्या झाडांखाली बसा. आई-बाबा शाकाहारी असतील तर हिल्टलमध्ये जेवा. १८९८ पासूनचं शाकाहारी हॉटेल आहे आणि बुफेत भारतीय पदार्थही असतात. मात्र ताट वजन करून पैसे घेतात, तेव्हा भाताचा डोंगर रचू नका.

लोझान चढउताराचं आहे, गुडघ्यांची तक्रार असेल तर मेट्रोने वर जा. तिथे रात्री राहायचं ते एका कारणासाठी. कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरून रात्री दहा ते दोनपर्यंत दर तासाला पहारेकरी ओरडून वेळ सांगतो. सहाशे वर्षांहून जुनी रीत. आपल्याकडच्या "जागते रहो"ची आठवण येते, फक्त हा चारी दिशांना तोंड करून फ्रेंचमध्ये सांगतो.

जिनिव्हा मला रुक्ष वाटलं. १४० मीटर उंच कारंजं आणि संयुक्त राष्ट्रांची इमारत बघितली की ट्रामने सर्नला (अणूतल्या सूक्ष्म कणांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा) जा. तिथलं नवं विज्ञानदालन फुकट आहे. सर्नच्या आवारात भारताने दिलेला नटराजही आहे.

आता पैशांचं. रोज फिरणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पास घ्या. रेल्वे, शहरातल्या ट्रामा, तळ्यातल्या बोटी आणि शेकडो संग्रहालयं त्यात येतात. सुटी तिकिटं काढणार असाल तर जपून. मी एकदा आई-बाबांची अर्ध्या दराची तिकिटं काढली, आणि तो दर ज्यांच्याकडे सवलतीचं कार्ड आहे त्यांच्यासाठीच असतो हे विसरले. चूक माझी, दंड भरला, आणि बाबांनी परतीच्या वाटेवर "विनातिकीट" हा शब्द चार वेळा उच्चारला. स्टेशनवर फाटकं नसतात, पण तपासनीस येतोच.

रविवारी दुकानं बंद असतात. दूध-पाव लागला तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पितात तिथे. जिथे पिण्याजोगं नाही तिथे पाटी असते.

हो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर बासेलच्या फास्नाख्ट या उत्सवाची तारीख बघा. ती जुळली तर एक रात्र बर्नमधून काढून बासेलला द्या. सोमवारी पहाटे चार वाजता सगळ्या गावचे दिवे एकदम मालवतात आणि अंधारात कंदील, ढोल आणि बासऱ्या निघतात. आई-बाबांना मोजे दोन-दोन घालायला लावा.