दारातून आत जाण्याआधी

भडकलेल्या मनोरुग्णाच्या घरी जायचं, म्हणून ट्रेनिंगमध्ये हात सोडवून घ्यायचे डाव शिकवतील, ते शिक. पण बाई, मला ते क्वचितच लागले. कामी येतं ते उभं राहणं. जरा तिरकं, हातभराहून बरंच लांब, आणि दार अडवायचं नाही, ना त्याचं ना तुझं.

गावात गेलीस की आधी गर्दी पांगव. यवतमाळकडे एका घरी तरणा पोरगा विळा घेऊन ओसरीवर, आणि अंगणात निम्मं गाव तमाशा बघत! सगळ्यांना पाठवलं, फक्त आजी ठेवली. मी फाटकाशीच थांबले. "भाऊ, पानी पेता काय?" म्हटलं, मग गप्प. बऱ्याच वेळानं विळा त्यानंच खाली ठेवला. फवारणीचं औषध कुठे आहे, तेही घरच्यांना हळूच विचार. कुलपात ठेवायला लाव.

"शांत हो" म्हणू नकोस, त्यानं कोणी शांत होत नाही. "मारायला येतायत" म्हणाला तर वाद नको, "भीती वाटत असेल" एवढंच.

रुग्णाला बांधणं 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं फक्त तात्काळ धोका टाळायला, दुसरा उपायच नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं. साखळी तर नाहीच. माणसं कमी, ही सबब चालत नाही.

निघताना टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर 14416 भिंतीवर खडूनं लिही. कागद हरवतात.