तुटलेलं बोट आणि एक मिलिमीटरची धमनी

प्रश्न : यंत्रात बोट तुटून वेगळं झालं तर ते जोडता येतं असं ऐकलं. बोट रुग्णालयात कसं न्यायचं? आणि जोडलेली काही बोटं पुढे काळी का पडतात?

उत्तर : बोट सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या पण पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट नुसत्या बर्फावर ठेवलं की पेशी गोठून फुटतात. हे कृपा करून घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. बोटात स्नायू नसतात, त्यामुळे नीट गार ठेवलेलं बोट २४ तासांपर्यंतही जोडता येतं. स्नायू असलेला, मनगटाच्या वर तुटलेला हात मात्र इतका वेळ देत नाही.

शस्त्रक्रियेत आधी हाड तारेने स्थिर करतात, मग कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, शिवतात. खरी कसोटी त्यानंतर, सूक्ष्मदर्शकाखाली. धमनी जेमतेम १ मिलिमीटरची. धागा नायलॉनचा, १०-० क्रमांकाचा, जाडी सुमारे ०.०२ मिलिमीटर, म्हणजे केसाहूनही बारीक. घेरभर सहा ते आठ टाके. सुईने समोरच्या भिंतीबरोबर मागचीही भिंत पकडली, तर वाहिनी तिथेच बंद. बाहेरच्या आवरणाचा एखादा तंतू आत ओढला गेला, तरी त्यावर गुठळी धरते. बोट ओढून तुटलं असेल तर आतलं अस्तर दूरवर फाटलेलं असतं. वरून धमनी धडधाकट दिसते, पण तो भाग कापून टाकायलाच हवा. मग टोकं ताणून जोडू नयेत; मनगटाजवळच्या शिरेचा (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिनीचा) तुकडा मधे घालावा.

तरीही पहिले काही दिवस धोक्याचेच. बोट पांढरं आणि गार पडलं तर धमनी तुंबली. जांभळं होऊन फुगलं तर शीर तुंबली. बोटाचं पेर दाबून सोडा. साधारण दोन सेकंदांत लाली परतायला हवी. उशीर झाला तर रक्त येत नाही, झटकन परतली तर जात नाही असं समजा. धमनी तुंबल्याचा संशय आला तर रुग्णाला लगेच पुन्हा शस्त्रक्रियेला घ्यावं लागतं. शीर शिवण्याजोगी नसेल तर साचलेलं रक्त शोषून घ्यायला जळवाही लावतात. त्यांच्या लाळेतला हिरुडिन रक्त गोठू देत नाही.

धूम्रपान पूर्ण बंद, खोलीतल्या इतरांचंसुद्धा. निकोटिनने धमनी आकसते, आणि एवढ्याशा वाहिनीला तेवढं आकसणं पुरतं.