ऑटिझम असलेल्या मुलाला रोबोटमुळे माणसांत मिसळायला मदत होते का?

तुमच्या पाच वर्षांच्या मुलासाठी थेरपी सेंटरने रोबोटची सेशन्स सुचवलीत आणि पैसे घालावेत की नाही, असं तुम्ही विचारलंय. मी विशेष शिक्षिका आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या सेशनमध्ये तुम्हाला बाहेर बसवणार असतील तर घेऊ नका.

रोबोटचा उपयोग होतो, तो का ते सांगते. बोलताना आपल्या भुवया, ओठ, आवाज सगळं एकदम हलत असतं आणि बऱ्याच मुलांना ते झेपत नाही. रोबोट तीच गोष्ट वीस वेळा तशीच करतो. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाने बनवलेला कास्पर नावाचा रोबोट लहान मुलाएवढा आहे आणि त्याचे हावभाव मुद्दाम मोजकेच ठेवलेत.

2018 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने 12 मुलांच्या घरी महिनाभर रोबोट ठेवला. रोज अर्धा तास खेळ, आणि खेळात घरचं मोठं माणूसही. पुढे रोबोट समोर नसतानाही मुलं मोठ्यांबरोबर एकाच गोष्टीकडे लक्ष जास्त देऊ लागली. मुलं मोजकी होती, तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून याला पक्का पुरावा मी म्हणणार नाही. पण पालक खेळात होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एका प्रात्यक्षिकात मी सहा वर्षांचा मुलगा पाहिला. रोबोटने हात वर केला की कोपरातली मोटर कुर्रकुर्र वाजायची. त्याने कोपराला कान लावला, तिसऱ्यांदा आवाज आला तसा गर्रकन वळून आईकडे बघितलं आणि म्हणाला, "कुर्र!" आई शेजारीच होती, तीही "कुर्र" म्हणाली. तो पुन्हा वळला. आपल्याला हवं आहे ते हेच. आई दाराबाहेर असती तर त्याने ते कुणाला सांगितलं असतं?

कर्ज काढून मात्र करू नका, आणि स्पीच थेरपी किंवा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) बंद करून तर नाहीच. आजपासून घरी साबणाचे फुगे काढा. दोनदा फुंकर मारा आणि तिसऱ्यांदा नळी ओठांशी धरून थांबा. त्याने डोळ्यांतच बघावं असा हट्ट नको. त्याने तुमचा हात ओढला, बाटली तुमच्याकडे सरकवली, तरी ते मागणंच आहे. लगेच फुंका.