कवच नसलेलं अंडं आलं, म्हणजे कोंबडीची अंडवाहिनी बिघडली का?

एकदोनदाच आलं असेल तर अंडवाहिनीला दोष देऊ नका. इथे नागपुरात मे महिन्यात माझ्याकडेही हे होतं. गेल्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, सकाळी खुराड्यात हात घातला, तर तुसावर काहीतरी कोमट, लिबलिबीत लागलं. उचललं तर पाणी भरलेल्या फुग्यासारखं बोटांत लोंबलं. पापुद्र्यातून बलक चक्क दिसत होता.

पापुद्रा होता, म्हणजे तिथवर सगळं नीट झालं होतं. कोंबडीची अंडवाहिनी ही साधारण २ फूट लांबीची वेटोळी नळी. कामाची एकच, डावी. उजवी पिल्लू अंड्यात असतानाच खुंटते. तोंडाशी नरसाळं असतं, ते अंडाशयातून सुटलेला बलक झेलतं. फलन व्हायचं तर इथेच, पहिल्या १५-२० मिनिटांत. एकदा पांढरं चढलं की शुक्राणूंना वाट नाही. पांढऱ्याला ३ तास, पुढे पापुद्र्यांना सव्वा तास. मग कवचग्रंथी. तिला गर्भाशयही म्हणतात, पण तिथे पिल्लू वाढत नाही, फक्त कवच चढतं, आणि त्यालाच २० तास लागतात! एकूण २५-२६ तास. म्हणूनच कोंबडी रोज जरा उशिरा अंडं घालते आणि मधेच एक दिवस खाडा करते.

तुमचं अंडं याच शेवटच्या मुक्कामात फसलं. उन्हात कोंबडी चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचं, मग कार्बोनेट येणार कुठून? त्यात उन्हाने खाणंही कमी होतं. रात्री बोका फिरला आणि कोंबड्या दचकल्या, तरी अंडं वेळेआधी बाहेर पडतं.

एका कवचाला २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. कवच मुख्यतः रात्री चढतं, तेव्हा ती काही खात नाही. कमी पडलं की स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून शिंपल्याचा चुरा मी संध्याकाळी टाकतो, तोही जाडसर, म्हणजे रात्रभर हळूहळू विरघळतो. दुपारी सावली आणि गार पाणी हवंच.

मात्र अंडी सुरकुतलेली, वेडीवाकडी येत असतील, पांढरं पाण्यासारखं पातळ असेल आणि कळपात शिंका, घरघर असेल, तर पशुवैद्याला दाखवा. इन्फेक्शियस ब्राँकायटिस हा आजार अंडवाहिनीलाच धरतो, आणि लहानपणी झाला तर ती कायमची अधू राहते.

कोंबडीचं वय तुम्ही लिहिलं नाही. तलंग, म्हणजे नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी असेल आणि ही पहिली-दुसरीच अंडी असतील, तर आठवडाभर नुसतं बघा.