साडेबारा वर्षांच्या मुलाचे हातपाय धडाच्या मानाने लांब दिसतात. घरी नीट कसं मोजायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलाची उंची १४८ सें.मी. आहे, हातपाय एकाएकी लांब झाल्यासारखे वाटतात आणि बुटांचा नंबर वर्षात दोनदा बदलला. वयात येताना वाढीचा क्रम बहुतेकांत असाच असतो: आधी पावलं, मग पाय, धड सगळ्यांत शेवटी. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, म्हणजे त्याच्या धडाची पाळी बहुधा अजून यायची आहे. तरीही नजरेवर विसंबू नका, मोजा.

उभी उंची मोजताना पहिली चूक भिंत निवडतानाच होते. फरशीलगतची स्कर्टिंग पुढे आलेली असते, टाच तिला अडते आणि मूल मागे रेलतं. कपाटाची सपाट बाजू घ्या आणि स्टीलची टेप शून्य जमिनीला टेकवून चिकटवा. मूल अनवाणी हवं, टाचा, नितंब आणि खांदे मागे टेकलेले. डोकं टेकलंच पाहिजे असं नाही, पण डोळ्याची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत हवं. डोक्यावर पुस्तक ठेवलं तर ते हमखास तिरकं होतं. त्यापेक्षा सुताराचा गुण्या वापरा: एक बाजू कपाटाला घट्ट, दुसरी केस दाबून टाळूवर. दोनदा मोजा. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. वेळही दर वेळी तीच ठेवा, कारण सकाळची उंची संध्याकाळपर्यंत सुमारे एक सें.मी.ने कमी भरू शकते.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र बसून मोजलेल्या उंचीत आहे, आणि नेमकं तेच माप कुणी घेत नाही. कडक, सपाट स्टूल त्याच टेपपाशी ठेवा. गादी, उशी काही नको. नितंब मागे पूर्ण टेकलेले, मांड्या स्टुलावर आडव्या, हात मांडीवर. मूल ताठ बसायच्या नादात पायांनी जमीन रेटतं किंवा नितंब आवळतं, आणि माप फुकटचं वाढतं. त्याला सैल बसायला सांगा, मग पाठ सरळ करायला लावा. आलेल्या आकड्यातून स्टुलाची उंची वजा करा. समजा वजा करून ७७ सें.मी. आले, तर पायांचा वाटा १४८ वजा ७७, म्हणजे ७१. ७७ भागिले १४८ म्हणजे ०.५२, आणि या वयात साधारण एवढंच अपेक्षित असतं. जन्मतः हे गुणोत्तर दोन-तृतीयांशाच्या आसपास असतं, पाय वाढतील तसं उतरत जातं आणि धड वाढायला लागलं की किंचित वर येतं.

हातांसाठी मुलाला भिंतीला पाठ लावून उभं करा. एका हाताचं मधलं बोट खोलीच्या कोपऱ्याला टेकवा, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाशी खूण करा. नखं धरू नका. हात खांद्याच्या रेषेतून खाली आले की माप कमी येतं, म्हणून दोन माणसं लागतात. या वयात कोपऱ्यापासून खुणेपर्यंतची ही लांबी उंचीच्या जवळपास असते, पुढे मुलग्यांमध्ये काही सें.मी.ने जास्त होते. उंचीच्या १.०५ पटीहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा, विशेषतः छातीचा पिंजरा आत गेलेला किंवा पुढे आलेला असेल, चष्म्याचा नंबर मोठा असेल किंवा घरात कुणाला महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) त्रास असेल तर. मुलाला पुढे वाकवून पाठही बघा. मणका वाकडा असेल तर धडच आखूड भरतं आणि हात उगाच लांब वाटतात.

दर महिन्याला मोजू नका. तीन महिन्यांच्या अंतराने मोजताना अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर वर्षाच्या वेगात ती दोन सें.मी.ची होते! सहा महिन्यांचं अंतर ठेवा, आणि वेगाचा निर्णय वर्षाच्या फरकावर घ्या. वयात येण्याआधी वर्षाला चार सें.मी.हून कमी वाढ, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड वाटणं किंवा गुणोत्तर दर वेळी एकाच दिशेने सरकत जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे तारीखवार मापांची वही घेऊन जा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५च्या तक्त्यावर ते उंचीचे बिंदू मांडतील, आणि गरज वाटली तर हाडांचं वय, म्हणजे हाडं वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहेत ते, बघायला डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगतील.