मुलाला व्यावसायिक मुष्टियोद्धा व्हायचे आहे

स. न. वि. वि.

आपला १७ वर्षांचा मुलगा काही वर्षे नेमाने बॉक्सिंग करीत आहे, हौशी स्पर्धांत त्याने पदकेही मिळवली आहेत आणि आता शिक्षण थांबवून थेट व्यावसायिक लढतींत उतरण्याचा त्याचा हट्ट आहे, असे आपण कळवले आहे. त्याला अडवावे की जाऊ द्यावे, असा आपला प्रश्न आहे. त्याला बॉक्सिंगपासून तोडू नये, पण व्यावसायिक होण्याची घाईही करू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हौशी लढत सहसा तीन फेऱ्यांत संपते; पुरुषांची जगज्जेतेपदाची व्यावसायिक लढत तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांची असते. तेवढा दम, पायांची चपळाई आणि ठोसा चुकवण्याची नजर हौशी वर्षांतच मुरते. युक्रेनचा मुष्टियोद्धा ओलेक्झांडर उसिक याने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकल्यावरच, २०१३ मध्ये, व्यावसायिक पदार्पण केले आणि पुढे दोन वजनगटांत निर्विवाद जगज्जेतेपद (म्हणजे सर्व प्रमुख संघटनांचे किताब एकाच वेळी) मिळवले. पुढे हेवीवेट (सर्वांत वरच्या वजनगटाचा) जगज्जेता झालेला लेनॉक्स लुईसही १९८८ चे ऑलिंपिक सुवर्ण घेऊनच व्यावसायिक झाला होता.

पैशांविषयी मुलाशी मोकळेपणाने बोलावे. विजेत्याला मिळणारी प्रचंड रक्कम सर्वांना दिसते; परंतु मॅनेजर, प्रशिक्षक, सरावाचे साथीदार आणि कर यांचे वाटे गेल्यावर हातात काय उरते, हे फारसे कोणी पाहत नाही. सुरुवातीच्या छोट्या लढतींच्या मानधनावर तर बहुतेकांचे घर चालत नाही. १९३७ ते १९४९ एवढा काळ हेवीवेट जगज्जेता राहिलेल्या जो लुईसलाही निवृत्तीनंतर थकलेल्या करापायी पुन्हा रिंगमध्ये उतरावे लागले, हे त्याला अवश्य सांगावे. म्हणूनच प्रमोटरचा (लढती भरवणाऱ्याचा) किंवा मॅनेजरचा कोणताही करार, विशेषतः त्याची मुदत आणि ती परस्पर वाढवण्याचे कलम, आपल्या स्वतःच्या वकिलाने वाचल्याशिवाय सही होऊ नये. शिक्षणही चालू राहावे: एका दुखापतीने कारकीर्द थांबू शकते, आणि आपला करार स्वतः वाचू शकणारा खेळाडू सहसा फसत नाही.

मला सर्वाधिक काळजी डोक्याला बसणाऱ्या माराची वाटते. मेंदूची हानी केवळ नॉकआउटने होत नाही. वर्षानुवर्षे बसलेले लहान ठोसेही साठत जातात, त्यांतले कितीतरी सरावातच बसलेले असतात, आणि परिणाम अनेकदा खेळ सुटल्यानंतर दिसू लागतात. म्हणून निर्णयाआधी प्रशिक्षकांना प्रत्यक्ष भेटून आठवड्यात पूर्ण ताकदीच्या सराव लढती किती होतात, समोर कोणत्या वजनाचा खेळाडू असतो, आणि डोक्याला जोराचा मार बसल्यावर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मुलाला पुन्हा रिंगमध्ये उतरवतात का, हे विचारावे. या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर आधी प्रशिक्षक बदलावा; व्यावसायिक होण्याचा विषय त्यानंतर काढावा.