मावशी नई, मानूस शे तो

लाडक्या बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज मी तीनदा ऐकला. अमळनेरला आजीसोबत तू ‘मोरूची मावशी’ पाहिलंस. नऊवारी नेसलेली ती बाई म्हणजे बुवा आहे हे तुला कळेना, तेव्हा आजी पदरात तोंड खुपसून म्हणाली, “मावशी नई, मानूस शे तो!” आणि मग तू मला विचारलंस, “आई, शाळेत शिकवतात की कुणाची टिंगल करू नये. मग नाटकात सगळे मिळून एका बाईला का हसत होते?”

प्रश्न फार चांगला विचारलास. फोनवर घाईत उत्तर देण्याजोगा नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी नाटक नीट आठवून बघ. पोरांना मावशी का हवी होती? घरात कुणी वडीलधारी बाई असल्याशिवाय त्या मुली यायच्याच नाहीत, म्हणून. खरी मावशी वेळेवर पोचत नाही, मग मित्राला लुगडं नेसवतात. पुढे मावशी श्रीमंत आहे म्हटल्यावर चांगले पिकल्या केसांचे पुरुष तिच्यामागे लागतात. तू म्हणालीस ना, मावशीच्या हातावरचे केस बांगड्यांतून दिसत होते? ते तुला दिसले, आजीला दिसले, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसले असतील. फक्त तिच्या पैशावर डोळा ठेवणाऱ्यांना दिसले नाहीत. लोक हसत होते ते त्यांना, बाईला नव्हे.

मूळ गोष्ट एका इंग्रजी नाटकाची. ते मराठीत आणलं प्रल्हाद केशव अत्रे यांनी, आजी ज्यांना ‘आचार्य अत्रे’ म्हणते ते. त्यांचा जन्म १८९८ चा, सासवडजवळच्या कोडीत गावचा. आधी ते शिक्षक होते. पुण्यात शाळा चालवली, लंडनला जाऊन शिक्षकाचं शिक्षण घेतलं, मुलांसाठी वाचनमाला केली. नाटकं त्यानंतर आली. १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’मध्ये घरातल्या प्रत्येकाला कसलं ना कसलं खूळ असतं. मग ‘लग्नाची बेडी’, आणि १९६२ मध्ये ‘तो मी नव्हेच’, नावं आणि वेष बदलून लोकांना फसवणाऱ्या एका भामट्याचं. त्यातली पाच सोंगं एकटे प्रभाकर पणशीकर करायचे. मधल्या काळात ‘मराठा’ दैनिक काढून संयुक्त महाराष्ट्रासाठी ते असे लढले की तुझे पणजोबा तो पेपर कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवायचे.

पण मला तुला सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आपल्या खानदेशातली आहे.

तरुणपणी अत्र्यांनी कवींची मनसोक्त थट्टा केली. १९२५ साली ‘झेंडूची फुले’ नावाचं विडंबनाचं पुस्तकच काढलं. त्यात एक प्रियकर रोज मुलीला गुलाब देतो आणि ती त्या सगळ्या गुलाबांचा गुलकंद करून ठेवते! उसने उसासे टाकणारी कविता दिसली की अत्रे तिला सोडत नसत. कवी मंडळी त्यांना वचकून असणार असं मला नेहमी वाटतं.

आता हे बघ. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली एक मुलगी जन्मली. शाळेत कधी गेली नाही, लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्न होऊन जळगावात आली, ऐन तारुण्यात विधवा झाली, शेतात राबली आणि जात्यावर दळताना, निंदणी करताना ओव्या रचत राहिली. बहिणाबाई चौधरी. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्यांनी आणि घरच्यांनी जमेल तेवढं उतरवून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली. साऱ्या कवींना हसणाऱ्या या माणसाने ती वाचली आणि ते हरखून गेले. हे बावनकशी सोनं आहे, ते लपवून ठेवणं गुन्हा आहे, असं म्हणाले. १९५२ मध्ये पुस्तक निघालं, प्रस्तावना अत्र्यांची.

दुसऱ्याच वर्षी त्यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला. गुरुजी आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे, ती शाळा मामाने तुला दाखवली असेलच. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. सभागृहं हसवणाऱ्या माणसाने त्या वेळी सगळ्या महाराष्ट्राला रडवलं.

तुझ्या शाळेतल्या बाई सांगतात ते खरंच आहे. कुणाचा रंग, कुणाची बोली, कुणाची गरिबी यांना हसणं वाईटच. तुझ्या अहिराणीला कुणी हसलं तर मला राग येईल. अत्र्यांची लेखणीही कधीकधी माणसाच्या वर्मी लागायची आणि ते मला आवडत नाही. पण माणूस सोंग घेऊन मिरवतो तेव्हा त्या सोंगाला आपल्याकडे चारचौघांत हसतात, आणि ज्याचं सोंग उघडं पडलं तोही पुष्कळदा त्यात सामील होतो. असोद्याच्या त्या बाईजवळ सोंग मुळी नव्हतंच. अत्र्यांना ते लगेच ओळखू आलं, कारण त्यांचा सगळा जन्म सोंगं हुडकण्यात गेला होता.

आजीच्या कपाटात खालच्या फळीवर, खाकी कव्हर घातलेलं बहिणाबाईंचं पुस्तक आहे. आजीला ती प्रस्तावना मोठ्याने वाचायला सांग, चष्मा फ्रिजवर असतो. आणि रविवारी मामाबरोबर गाडीने जळगावला जा. जुन्या गावात चौधरी वाडा आहे, बहिणाबाईंच्या घरातल्या वस्तू तिथे जपून ठेवल्यात. काय काय पाहिलंस ते मला फोनवर सांग, आजीशी बोलतेस तसं, अहिराणीतच.

तुझी,
आई